बोलती सीट

मी मुळातली भित्री बाई. पाल दिसली की खोली सोडते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि वीज कडाडली की या वयातही नवऱ्याच्या शर्टाची बाही धरते. अशा बाईनं सहा वर्षं रोज अमरावती ते अकोला अपडाऊन केलं, तेही बडे बाबूंच्या गाडीत, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून. आता नुसतं आठवलं तरी घाबरते. तेव्हा घाबरत नव्हते, कारण तेव्हा मला काही ठाऊकच नव्हतं.

बडे बाबू म्हणजे आमच्या अकोल्याच्या शाळेतले मोठे कारकून. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे बडे बाबूच म्हणायचे. राहायला अमरावतीत, कठोरा नाक्याच्या पुढं, फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातले. शेतीचं भाऊ बघायचा, हे नोकरीत आले, पण सोमवारी त्यांच्या गाडीची डिक्की उघडली की शेवंती आणि वांग्यांचा वास एकत्र यायचा. गाडीत आम्ही तिघं ठरलेले: मी भूगोलाची, ड्रॉइंगचे सर, आणि शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी एक तरुण मुलगी. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर म्हणायचे, "मले पैसे नाई पाह्यजे. मले तुमचं तोंड पाह्यजे."

त्याचा अर्थ सांगते. बडे बाबूंच्या गाडीतल्या पुढच्या डाव्या सीटला ते 'बोलती सीट' म्हणत. तिथं बसणाऱ्यानं रस्ता बोलून दाखवायचा. सायकल. म्हैस. दोन पोरी. ऑटो, आत येते. आणि पुढं काही नसलं तर 'मोकळं'. हे बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत चालायचं. गप्पा मारायला बंदी नव्हती, पण गप्पांच्या मधे रस्ता घालायचा. म्हणजे मी सासूबाईंची तक्रार सांगत असले तर ती अशी व्हायची: "भाजीत मीठ मी घातलंच नव्हतं, बैलगाडी, तर त्या म्हणतात, मोकळं, की तुझ्या माहेरी असंच खातात." मागं ड्रॉइंगचे सर हसून लोळायचे.

एकदा मी विचारलं, "बडे बाबू, हे कशासाठी?"

"बाजूचा मानूस झोपला का ड्रायव्हरलेबी झोप येते," ते म्हणाले. "तुमी बोला. बोलल्यानं काई तोंड झिजत नाई."

पटलं. सगळेच ड्रायव्हर असं म्हणतात. एवढं मात्र खरं की मी गप्प बसले की गाडी हळू व्हायची. एकदा सकाळी नवऱ्याशी भांडून निघाले होते आणि मूग गिळून बसले होते. मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द नाही. गाडी तीसच्या वर गेली नाही. पहिला तास हुकला, मुख्याध्यापकांनी मला चार शब्द ऐकवले, आणि मी मनातल्या मनात बडे बाबूंना आठ ऐकवले. किती विक्षिप्त असावं माणसानं, असं वाटायचं.

विक्षिप्तपणा काही गाडीपुरता नव्हता. ऑफिसात त्यांचं टेबल डाव्या अंगानं भिंतीला चिकटवलेलं. कोणी म्हटलं की बडे बाबू, उजेडाकडं घ्या, तर म्हणायचे, "डावीकून येनारा मानूस कामाचा नसते. काम असन तं समोरून या." व्हरांड्यात डावीकडून कोणी नमस्कार केला तर ते बघायचे नाहीत, सरळ पुढं जायचे. नवे शिक्षक म्हणायचे, माज आहे. आम्ही जुनी माणसं समजावायचो की माज नाही हो, तसेच आहेत ते.

जुनी गाडी पांढरी, लहान, पंधरा वर्षांची. तिचा डावा आरसा केव्हाचा तुटलेला. तो त्यांनी बसवला नाही. "त्या आरशात पाहून कोनी मोठं झालं नाई," हे त्यावरचं उत्तर. गाडी चालवताना आपल्या बाजूची काच ते पूर्ण खाली ठेवत, थंडीतसुद्धा, आणि कान बाहेर. डावं चाक डांबरावरून मुरमावर उतरलं की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, आणि आमच्या लक्षात यायच्या आत गाडी परत डांबरावर. दार कोणी आपटलं की दुखायचं त्यांना. एकदा ड्रॉइंगच्या सरांनी आपटलं तर म्हणाले, "हळू, सर. थे दार हाये, राग काढाची जागा नाई." सकाळी गाडी काढायच्या आधी ते बॉनेटपासून डिक्कीपर्यंत हात फिरवत जायचे. "म्हशीवर कसा हात फिरवते मानूस, तसा फिरवा लागते. मंग दूध देते." आम्ही हसायचो. तेही हसायचे. त्यांना हसवणं सोपं होतं, हे सांगायचं राहूनच जाईल म्हणून आत्ता सांगते.

ते आता गाडी चालवत नाहीत. हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. माझा तर अजून आहे.

तर जुनी गाडी. तिचं पासिंग संपत आलं होतं, आणि बडे बाबूंच्या रिटायरमेंटला सहा महिने उरले होते. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं वडिलांना न विचारता नवी गाडी बुक केली. म्हणे जुन्या गाडीत एअरबॅग नाही, त्याला काळजी वाटते. नवी गाडी उंच, रुंद, लाल. मागं घेताना पडद्यावर मागचं दिसायचं, काही जवळ आलं की पीं पीं वाजायचं. काचा वर केल्या की बाहेरचं जग गप्प.

जुनी गाडी बदल्यात गेली. न्यायला माणूस आला तेव्हा रविवार होता आणि मी योगायोगानं त्यांच्याकडं वांगी घ्यायला गेले होते. बडे बाबू फाटकात उभे होते. गाडी कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, तरी ते हलले नाहीत. डोळे मिटलेले. "दुसरा गेर पाडला नाई येड्यानं," ते म्हणाले. "तिसऱ्यावरच वळवली." मग बऱ्याच वेळानं, "आता नाक्यावर पोचली," असं म्हणून आत गेले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवसापासून एसी मिळणार म्हणून आनंदही झाला होता.

सोमवारी सकाळी नवी गाडी दारात आली. मी सवयीनं पुढं बसले. बडे बाबूंच्या कपाळावर घाम होता, एसी सुरू असूनही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की बोटांची पेरं पांढरी.

"काय बडे बाबू, कशी आहे?" मी विचारलं.

"इच्यात मी पाहुना हाओ, म्याडम," ते म्हणाले.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. सायकल. मोकळं. ऑटो. तर ड्रॉइंगचे सर मागून म्हणाले, "आता कशाला? आता गाडी स्वतःच बोलते, पीं पीं. बाईंना जरा सुट्टी द्या." ग्रंथालयातली मुलगी हसली. मी बडे बाबूंकडं बघितलं. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. ते नियम मोडू देणारे नव्हते. पण ते नुसतं हसले आणि म्हणाले, "हो. आता गाडी बोलते. तुमी आराम करा."

मी आराम केला. दोन महिने. देवा रे, ते दोन महिने.

छोट्या छोट्या गोष्टी झाल्या, पण त्या नव्या गाडीच्या नावावर गेल्या. बडनेऱ्याच्या पुलावर डावी बाजू कठड्याला घासली. गाडी रुंद आहे ना, सवय नाही, असं सगळे म्हणाले. शाळेच्या फाटकाला लागली. फाटकच अरुंद आहे म्हणाले. बडे बाबू स्वतः काही म्हणत नव्हते. त्यांचं बोलणं कमी झालं होतं, हसणंही. वरचेवर ते आपल्या बाजूची काच खाली करत, आणि मागून कोणीतरी म्हणे की काच लावा, धूळ येते. ते लावत.

मग कुरूम फाट्याजवळची ती शनिवारची सकाळ. माझा डोळा लागत होता. अर्धवट उघडा होता म्हणून वाचलो. डावीकडच्या कच्च्या रस्त्यानं एक म्हातारा सायकलवर येत होता. कॅरिअरवर सांबाराच्या जुड्यांचा भारा, म्हणजे पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात ती. तो रस्त्यावर चढला. समोर, अगदी समोर, दिवसाढवळ्या. गाडीचा वेग कमी झाला नाही. मी किंचाळले. बडे बाबूंनी ब्रेक मारला, गाडी उजवीकडं ओढली. सायकल पडली, भारा उडाला. म्हातारा उठून बसला, त्याला काही झालं नव्हतं. शिव्या द्यायला लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ड्रॉइंगचे सर खाली उतरून जुड्या गोळा करायला धावले. बडे बाबू तसेच बसून होते. माझ्याकडं मान पूर्ण वळवून त्यांनी हळूच विचारलं, "काय होतं, म्याडम?"

कोण होतं, असं नाही. काय होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. 

त्याच दिवशी परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. ते समोर बघत चहा पीत होते. मी हात वर केला. बोटं हलवली. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर माझी पाच बोटं नाचत होती, आणि ते बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत होते. टपरीवाला माझ्याकडं बघायला लागला तेव्हा मी हात खाली घेतला. चहा मला गेला नाही. गाडीत बसून मी घरापर्यंत रस्ता बोलत आले, मोठ्यानं, न थांबता. ड्रॉइंगचे सरही मागून मान काढून रस्ता बघत होते. सकाळची भीती सगळ्यांच्याच पोटात होती.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ते मळ्यात गेले होते, हे बघूनच गेले. वहिनी, म्हणजे बडे बाबूंच्या पत्नी, अंगणात शेवंती निवडत बसल्या होत्या. मी बराच वेळ पाणी प्यायले, मग विचारलं, "वहिनी, बडे बाबूंना डावीकडचं नीट दिसतं ना?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "दिसते कुठं, बाई. डावा डोळा पुरा गेला. काचबिंदू. तुमी गाडीत बसाले लागल्या त्याच साली. तुमाले तं ठावच हाये."

मी समोरचं एक फूल उचलून उगाच निवडायला लागले.

"मी लय भेली होती तवा," त्या म्हणाल्या. "म्हनलं सोडा गाडी, एस्टीनं जा. तं म्हने, म्याडम बाजूले बसते, सारा रस्ता बोलून सांगते. म्या म्हनलं, देवानं मानसं चांगली देली. परक्या मानसासाठी कोन करते एवढं? तवापासून माह्या जिवाले घोर नाई."

दर दसऱ्याला त्यांच्याकडून मला शेवंतीची एक टोपली यायची. बाकीच्या दोघांना नाही, मलाच. मला वाटायचं घर जवळ आहे म्हणून. ती टोपली कशाची होती ते मला त्या अंगणात कळलं, आणि लाजेनं मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी एका माणसाचा डोळा होते आणि मला वाटत होतं की मी एका चक्रमाची मर्जी राखतेय. मधेच डुलकी काढत होते. रुसून बसत होते. किती सायकली सांगायच्या राहिल्या असतील, कोण जाणे. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले. वहिनींच्या चेहऱ्याकडं बघून मी ते गिळले.

"आता उजव्यातबी सुरू झालं म्हनते डॉक्टर," वहिनी फुलं निवडता निवडता म्हणाल्या. "पन चारच महिने राह्यले. तुमी हाये, तं काई होत नाई."

रात्रभर मी छताकडं बघत होते. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर तीस वर्षांच्या नोकरीची शेवटची ओळ तीच झाली असती. आणि कोणालाच नाही सांगितलं तर. त्या 'तर'च्या पुढं मी जाऊ शकत नव्हते.

सोमवारी बडे बाबू नेहमीप्रमाणं आधी माझ्या दारात आले. मी बसले. गाडीत अजून आम्ही दोघंच होतो.

"काल घरी आल्त्या म्हने तुमी," ते म्हणाले.

"हो."

"चार महिने, म्याडम. नोकरीत आलो तवा एस्टीच्या दांड्याले लोंबून आलो. जाताना आपल्या गाडीनं जाईन, एवढंच मनात हाये. तुमी बोला, मी चालोतो. बाकीच्यायले काई सांगू नका."

मी हो म्हटलं. सांगितलं ना, भित्री बाई आहे. भित्र्या माणसाला सगळ्यात जास्त भीती नाही म्हणायची वाटते.

त्या दिवशी ग्रंथालयातल्या मुलीनं आपल्या चार वर्षांच्या लेकीला बरोबर आणलं होतं, घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. पोरगी मागच्या सीटवर उभी राहून आमच्या दोघांच्या मधून डोकं काढत होती. मी बोलायला लागले.  स्कूटर. माणूस, थांबलाय. ऑटो, डावीकडं. बडे बाबू विचारत, "कुठं?" हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी सांगे, अजून जवळ, अजून जवळ. ड्रॉइंगच्या सरांनी कानातला हेडफोन काढला आणि म्हणाले, "काय हो, जुना नियम परत सुरू झाला वाटतं?" मी पुढची सायकल सांगितली.

बडनेरा मागं पडलं. लोणीच्या अलीकडं मी डावीकडं डोळे लावून बसले होते, इतकी की पापणी मिटत नव्हते. आणि उजवीकडून, दुभाजकातल्या फटीतून, कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरलेला एक ट्रॅक्टर आडवा आला. उजवी बाजू माझी नव्हती. उजवी बाजू त्यांची होती. मी वळून बघितलं तेव्हा ट्रॉली त्यांच्या खिडकीत भरून आली होती, आणि बडे बाबू सरळ समोर बघत होते.

मी स्टिअरिंगच ओढलं. गाडी रस्त्याच्या कडेला मुरमात जाऊन थांबली. पोरगी पुढं फेकली गेली, कपाळाला टेंगूळ आलं, आणि तिनं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं, कारण रडत होती म्हणजे होती.

"घ्या," बडे बाबू म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "बोला, म्याडम. मोकळं हाये का? निंघू द्या."

"नाही," मी म्हटलं. "मी नाही बोलणार आता." मग मागं वळले आणि दोघांना सांगितलं, "बडे बाबूंना दिसत नाही. डावा डोळा गेलाय, उजवाही जातोय. मला काल कळलं, आणि तरी मी तुम्हाला यात बसू दिलं."

ग्रंथालयातल्या मुलीनं लेकीला छातीशी ओढलं. ड्रॉइंगचे सर माझ्याकडं बघत होते, बडे बाबूंकडं नाही. बडे बाबूंनी गाडी बंद केली. चावी काढली, मागं हात करून सरांना दिली. "तुमाले येते ना चालोता? या पोरीइले घेऊन जा," म्हणाले. "मी एस्टीनं घरी जातो." आणि उतरले.

अमरावतीकडं जाणारी एस्टी रस्त्याच्या पलीकडून मिळते. ते चालत कडेपर्यंत गेले आणि थांबले. समोर चौपदरी रस्ता. ते या बाजूला मान वळवायचे, मग त्या बाजूला, मग परत या बाजूला. एक पाय पुढं टाकायचे, मागं घ्यायचे. एका ट्रकनं हॉर्न मारला तसे ते जागच्या जागी दचकले. तीस वर्षं ज्यांचा धाक शाळेनं बघितला, त्या माणसाला रस्ता ओलांडता येत नव्हता. मी उतरून त्यांच्याजवळ गेले.

"जा तुमी," ते म्हणाले. "तास हुकन."

"हुकू द्या."

ते माझ्यावर ओरडतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. 

"म्याडम, मले रोज भेव लागे," ते म्हणाले. "रोज. गाडी काढली का वाटे, कोनाले उडोतो का काय, तुमाले मारतो का काय. ऑफिसात पोचलो का आंधी मोरीत जाऊन तोंड धुवो, मंग खुर्चीवर बसो."

"मग सोडली का नाही हो?" मी विचारलं. मला रडू येत होतं. "एका शब्दानं सांगायचं होतं."

"सोडली असती तं तुमी सगळ्यायनं इचारलं असतं ना, काहून सोडली."

एक ट्रक गेला, मग दोन मोटरसायकली, मग एक बस, पण ती अमरावतीची नव्हती. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या. तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो, आणि माझ्याच्यानं चला म्हणवत नव्हतं.